सेंट लूशियाची एका दिवसाची बेटफेरी : लहान गटाची सहल कशी निवडावी, कशी करावी

सेंट लूशिया हे पूर्व कॅरिबियनमधील बेट क्षेत्रफळाने ६१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढे आहे, आणि तेथील लोकवस्ती दोन लाखांच्या आत आहे. नकाशावर ते पाहिले की सकाळी न्याहारी करून निघावे, बेटाला वळसा घालावा आणि दुपारच्या चहाला परतावे, असे सहज वाटते. प्रत्यक्षात उत्तरेकडील रॉडनी बे, जेथे बरीचशी हॉटेले आहेत, तेथून नैर्ऋत्येचे सूफ्रिएर हे गाव सरळ रेषेत तीस किलोमीटरही नसताना तेथे पोहोचायला दीड तास लागतो. ज्वालामुखीतून उठलेल्या डोंगरांच्या सोंडा समुद्रापर्यंत उतरलेल्या आहेत आणि रस्ता त्या एकामागून एक चढत-उतरत जातो. वरंधा घाट ज्यांनी एसटीने पार केला आहे त्यांना ही वळणे नवी वाटणार नाहीत. फक्त येथे घाट संपला असे वाटताच दुसरा सुरू होतो.

गाडी भाड्याने घेऊन स्वतः हाकण्याचा पर्याय आहे. वाहने आपल्याकडच्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, पण पाहुण्यांना तात्पुरता परवाना काढावा लागतो आणि चालकाला दिवसभर रस्त्याशिवाय काहीही दिसत नाही. दुसऱ्या टोकाला मोठ्या बसची सहल असते. चाळीस माणसे उतरून पुन्हा चढेपर्यंत प्रत्येक थांब्यावर पाव तास जातो आणि अरुंद फाट्यांवर ती बस वळतच नाही. म्हणून आठ ते चौदा माणसांची मिनीबस आणि गाडी चालवत माहिती सांगणारा स्थानिक वाटाड्या, ही व्यवस्था या बेटाला सर्वांत सोयीची आहे. अशा सहलींच्या जाहिरातींतील ठिकाणांची यादी जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो गाडी कोणत्या दिशेने निघते आणि किती वाजता कोठे पोहोचते यामुळे, आणि पैसे भरताना नेमके तेच विचारायचे राहून जाते.

आधी दिशा ठरवावी

राजधानी कॅस्ट्रीजहून दक्षिणेकडे दोन रस्ते जातात. पश्चिम किनाऱ्याचा रस्ता मारिगो बे, रोझो खोऱ्यातील केळीच्या बागा, आन्स ला रे आणि कॅनरीज ही कोळ्यांची गावे, असे करीत सूफ्रिएरला उतरतो. पूर्वेचा रस्ता बार द लील नावाची डोंगरधार ओलांडून अटलांटिकच्या बाजूला डेनरी आणि मिकू या गावांवरून दक्षिण टोकाच्या व्ह्यू फोर्टला जातो, जेथे ह्यूअनोरा हा मोठा विमानतळ आहे, आणि तेथून लाबोरी व श्वाझेलमार्गे सूफ्रिएरला येऊन मिळतो. पश्चिमेचा रस्ता देखणा पण वळणांचा, पूर्वेचा तुलनेने सरळ आणि वेगाचा आहे. पूर्वेला समुद्र खवळलेला असतो, तेथे पोहायला उतरायचे नसते. पूर्ण बेटफेरी म्हणजे या दोन्ही रस्त्यांचे वर्तुळ होय.

आता घड्याळ पाहू. डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या हंगामात कॅस्ट्रीजच्या बंदरात सकाळी क्रूझची जहाजे लागतात. त्यांतून उतरलेले प्रवासी व्हॅनमध्ये बसून बहुतेक पश्चिमेच्याच रस्त्याने निघतात आणि सकाळी दहाच्या सुमारास सगळे एकदम सूफ्रिएरला पोहोचतात. त्या वेळी गंधकाच्या झऱ्यांपाशी तिकिटाची रांग लागते आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीच्या पुढे राहायचे असेल तर पश्चिमेकडून जाणारी, पण हॉटेलहून सातच्या आत निघणारी सहल शोधावी. तशी मिळाली नाही आणि निघायची वेळ साडेआठ-नऊची असेल, तर पूर्वेकडून जाणारी सहल घ्यावी; ती दुपारी सूफ्रिएरला येते, तोवर जहाजांचे प्रवासी परतीला लागलेले असतात. पहिल्या पर्यायाला माझे झुकते माप आहे आणि त्याचे कारण उजेड हे आहे. ग्रो पितों आणि पेती पितों ही समुद्रातून थेट वर आलेली दोन शंकूसारखी शिखरे सूफ्रिएरच्या अलीकडच्या वळणावरून, म्हणजे उत्तरेकडून, पाहिली जातात. सकाळी सूर्य पूर्वेला असल्याने त्यांचा हिरवा रंग आणि कड्यांच्या घड्या स्पष्ट दिसतात. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला जातो आणि तीच शिखरे नुसत्या काळ्या आकृत्या होतात. २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेले हे दृश्य पाहायलाच आपण आलेलो असतो.

बसायची जागाही दिशेवरून ठरते. पश्चिमेच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, त्याच रस्त्याने परतताना डाव्या. जाण्या-येण्याचा रस्ता एकच असेल तर कोठेही बसले तरी चालते, पण वर्तुळाकार फेरीत एकदा चुकलेली बाजू पुन्हा मिळत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी चालकाशेजारची जागा आधीच मागून ठेवावी आणि खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवाव्यात. त्या बेटावर मिळत नाहीत.

जहाजाने आलेल्यांसाठी वेगळी सूचना आहे. एका दिवसाच्या मुक्कामात पूर्ण वर्तुळाचा मोह टाळावा आणि फक्त पश्चिम किनाऱ्याने जाऊन-येऊन करावे. संध्याकाळी कॅस्ट्रीजच्या तोंडाशी वाहतूक तुंबते, आणि खासगीरीत्या ठरवलेल्या सहलीच्या प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही. आणखी एक बाब म्हणजे घड्याळ. सेंट लूशियात वर्षभर एकच वेळ असते. ती उन्हाळ्यात न्यूयॉर्क-मियामीच्या वेळेशी जुळते, पण हिवाळ्यात एक तास पुढे असते. जहाज स्वतःची वेळ पाळत असेल तर ‘चार वाजता परत’ म्हणजे कोणाचे चार, हे वाटाड्याशी सकाळीच स्पष्ट करून घ्यावे.

पैसे भरण्यापूर्वी

पहिला प्रश्न गटाचा. ‘लहान गट’ या शब्दांना काहीच मर्यादा नाही. जास्तीत जास्त किती माणसे घेणार आणि गाडीत एकूण किती आसने आहेत, हे दोन्ही आकडे लेखी मागावेत. चौदा आसनांत चौदा माणसे आणि त्यांच्या ओल्या टॉवेलांच्या पिशव्या असतील तर दिवस फार लांब वाटतो. दुसरा प्रश्न, आपल्याला कितव्या क्रमांकाने घेणार. ‘आठला निघतो’ याचा अर्थ बहुधा पहिल्या हॉटेलवर आठ असा असतो. पुढे तीन-चार हॉटेले करता करता पाऊण तास जातो आणि शेवटी चढणाऱ्याच्या वाट्याला चाकावरची जागा येते. गाडीच्या क्रमांकाची पाटी ‘टीएक्स’ या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती नोंदणी झालेली टॅक्सी समजावी.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे रकमेत काय काय आहे. गंधकाच्या झऱ्यांपाशी झरे पाहण्याचे तिकीट वेगळे आणि चिखलस्नानाचे वेगळे असते. ‘प्रवेश समाविष्ट’ असे लिहिलेले असले तरी त्यात कोणता प्रवेश धरला आहे ते विचारावे. माझ्या पहिल्या फेरीत हे न विचारल्यामुळे कुंडाच्या दारात पुन्हा पैसे मोजावे लागले, आणि जेवणाआधीची चाळीस मिनिटे एका भेटवस्तूंच्या दुकानात गेली, ज्याचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत ‘सांस्कृतिक थांबा’ असा होता. तेव्हापासून दुकानांत एकूण किती वेळ जाणार, असे मी सरळ विचारतो. प्रामाणिक चालक त्यावर हसतो आणि खरे सांगतो.

भावाची बोलणी करताना चलन कोणते, हेही ठरवून घ्यावे. येथील पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. दोन्ही चलने चालतात आणि बोलताना दोन्हींना नुसते ‘डॉलर’ म्हणतात, म्हणून ‘शंभर डॉलर’ ऐकून घाबरण्याआधी किंवा खूश होण्याआधी कोणते ते विचारावे. अमेरिकी नोट दिली तरी सुटे पैसे स्थानिक चलनातच येतात, तेव्हा लहान नोटा जवळ ठेवाव्यात.

काही जाहिरातींत ग्रो पितोंची चढाई बेटफेरीला जोडलेली दिसते. तशी सहल घेऊ नये. ती चढाई स्थानिक वाटाड्याबरोबरच करायची असते आणि जाऊन-येऊन चार-पाच तास घेते. ती त्याच दिवशी केली तर बाकी सगळे गाडीच्या काचेतूनच पाहावे लागते. डोंगराची हौस असेल तर तेत पॉल ही पाऊण तासाची सोपी पायवाट कार्यक्रमात आहे का, ते पाहावे. तेथून दोन्ही शिखरे अगदी हाताशी आल्यासारखी दिसतात.

पावसाचा प्रश्न शेवटी विचारावा, पण विचारावा. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. २०१०च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या टोमास या वादळात बार द लीलच्या परिसरात दरडी कोसळून रस्ता तुटला होता. रोजची पावसाची सर ही वेगळी गोष्ट आहे. ती येते आणि जाते, तिच्यासाठी कोणी सहल रद्द करीत नाही. मात्र रस्ता बंद झाला तर पैसे परत मिळणार की दुसरा दिवस, हे आधी कळलेले बरे.

सूफ्रिएरमध्ये

या नावाचा फ्रेंच अर्थच मुळी ‘गंधकाची खाण’ असा आहे. हे बेट फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात चौदा वेळा हातोहात गेले, आणि १९७९ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाले तरी गावांची नावे मात्र फ्रेंचच राहिली. गावाच्या वरच्या अंगाला एका खचलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या कुशीत उकळते झरे आहेत. ‘गाडीतून थेट आत जाता येणारा जगातील एकमेव ज्वालामुखी’ अशी त्यांची जाहिरात केली जाते. ते ऐकून लाव्हा पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. १७६६ साली येथे वाफेचा स्फोट झाला होता. त्यानंतर स्फोट झालेला नाही. प्रत्यक्षात दिसतो तो राखाडी-पिवळा उघडा उतार, त्यातून सुटणारी वाफ आणि डांबरासारखे काळे, बुडबुडणारे पाणी. पूर्वी लोक त्या कवचावरून चालत जात असत. एका वाटाड्याच्या पायाखालचे कवच फुटून तो भाजल्यानंतर ते बंद झाले, आणि आता कठड्यामागूनच पाहावे लागते. त्याने काही बिघडत नाही.

कुजक्या अंड्यासारखा वास गाडीचे दार उघडण्याआधीच येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि दहा मिनिटांत नाक त्याला सरावते. चांदीला मात्र ते जमत नाही. आमच्या गटातील एका बाईंच्या पायातली जोडवी आणि पैंजण कुंडातून बाहेर येईपर्यंत पितळी आणि मग तपकिरी-काळी झाली. त्यांच्या मुलीने उन्हात धरून दाखवली तेव्हा त्या जोडव्यांची फक्त आतली, बोटाला चिकटलेली बाजू पांढरी उरली होती. म्हणून चांदीचे दागिने त्या दिवशी हॉटेलातच ठेवावेत. पोहण्याचा पोशाख जुना आणि गडद रंगाचा असावा, कारण चिखलाचा राखाडी डाग दोन धुण्यांत जात नाही आणि वास त्याहून जास्त दिवस राहतो. ओले कपडे ठेवण्यासाठी तोंड बांधता येईल अशी प्लास्टिकची पिशवी न्यावी. गाडीतील बाकीचे प्रवासी मनातल्या मनात आभार मानतील.

स्नानाचा क्रम असा असतो : आधी कुंडात उतरून अंग भिजवावे, बाहेर येऊन बादलीतील राखाडी चिखल अंगाला फासावा, तो वाऱ्यावर वाळून कातडी ओढल्यासारखी वाटू लागली की पुन्हा कुंडात उतरून चोळून काढावा. डोळ्यांभोवती लावू नये. पाणी सोसेल इतके, पण चांगलेच गरम असते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरू नये, आणि दम्याच्या रुग्णांनी वाफेच्या बाजूला रेंगाळू नये. दहा वर्षांनी तरुण दिसाल, असे दारावरचा माणूस प्रत्येकाला सांगतो. आम्हाला तसे काही दिसले नाही, पण अंग हलके झाले हे खरे.

याच्या लगेच नंतर धबधबा असलेली सहल उत्तम, कारण थंड पाण्याने चिखलाचा शेवटचा अंश जातो. फक्त कोणता धबधबा, हे पाहावे. तोराय येथे धारेखाली उभे राहता येते. डायमंडचा धबधबा झऱ्यांतील खनिजांमुळे पिवळ्या-हिरव्या रंगांचा झालेला आहे आणि तो केवळ पाहायचा असतो. तेथील बागेत १७८४ साली सोळाव्या लुईच्या सैनिकांसाठी बांधलेली स्नानगृहे आहेत. बागेची आवड असेल तर डायमंड, मुले बरोबर असतील तर तोराय. दोन्ही करायला गेल्यास जेवण तीन वाजता होते.

कोकोच्या बागेला भेट असेल तर ती सोडू नये. लाकडी तबकांवर वाळत घातलेल्या बियांना झिलई आणण्यासाठी पूर्वी त्यांच्यावर पायांनी नाचत असत, आणि काही बागांत ते अजून करून दाखवतात. सुकलेल्या कोकोच्या कांड्या कॅस्ट्रीजच्या बाजारातही मिळतात. त्या किसून दालचिनी, जायफळ आणि तमालपत्रासह उकळलेला ‘कोको टी’ घरी सहज करता येतो.

जेवणाची तजवीज

शाकाहारी मराठी कुटुंबाने सहल ठरवतानाच सांगून ठेवावे, आणि ‘व्हेजिटेरियन’ एवढाच शब्द वापरून थांबू नये, कारण अनेकांच्या लेखी मासे त्यात बसतात. मासे नको, खारवलेला मासाही नको, असे स्पष्ट म्हणावे. रास्ताफारी या कॅरिबियन धर्मपंथाच्या लोकांच्या सामिषविरहित जेवणाला ‘इटल’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारला की स्वयंपाकघरात नेमका अर्थ पोहोचतो. त्यात बहुधा मीठ नसते, ते मागून घ्यावे.

खाद्यपदार्थांची नावे फसवी असली तरी भाज्या आपल्या ओळखीच्या निघतात. ‘ग्रीन फिग’ म्हणजे अंजीर नव्हे, ती उकडलेली कच्ची केळी. खारवलेल्या माशाबरोबर तो येथील राष्ट्रीय पदार्थ आहे. ‘ब्रेडफ्रूट’ म्हणजे कोकणातला नीरफणस, आणि तो निखाऱ्यावर भाजलेला मिळाला तर जरूर घ्यावा. ‘कॅलालू’ हे अळूच्या पानांचे दाट सूप असते आणि पहिल्या घोटाला फदफद्याची आठवण येते, परंतु त्यात खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असू शकते, म्हणून विचारूनच घ्यावे. आन्स ला रे आणि कॅनरीज यांच्या दरम्यान रस्त्यालगत लाकडाच्या जाळावर मोठ्या कढईत कसाव्याची भाकरी करतात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा कंद. नारळ घातलेली गोड भाकरी गरम असतानाच खावी, गार झाल्यावर ती चिवट होते. फलकावर ‘रोटी’ दिसली तर ती मसालेदार सारण भरून गुंडाळलेली पोळी समजावी. १८५९पासून येथे करारबद्ध मजूर म्हणून आलेल्या भारतीयांच्या वंशजांची भाषा जवळजवळ लोपली, शब्द मात्र टिकला.

वाटाड्याशी आणि गावाशी वागताना

या बेटावर नमस्काराशिवाय प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानतात. दुकानात शिरताना, गाडीत चढताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, क्रेयोल या स्थानिक बोलीतील ‘बोंझू’ म्हटले तर चेहरे उजळतात, आणि मग भाव विचारावा. गावांतील लोकांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. लष्करी छापाचे कपडे नागरिकांनी घालणे तेथे कायद्याने गुन्हा आहे. मुलांच्या टोप्या आणि अर्ध्या विजारी सामान भरतानाच तपासाव्यात. किनाऱ्यावर सावलीसाठी कोणत्याही झाडाखाली बसू नये. मँचिनील नावाच्या झाडाची लहान हिरवी फळे विषारी असतात आणि त्याच्या चिकाने, अगदी पानांवरून गळणाऱ्या पावसाच्या पाण्यानेही, कातडीला फोड येतात. झाड ओळखता येत नसेल तर वाटाड्याला विचारावे.

गप्पांना विषय शोधावा लागत नाही. मिकूवरून जाताना, हे वेस्ट इंडीजचा माजी क्रिकेट कर्णधार डॅरेन सॅमी याचे गाव, असे चालक सांगेलच, आणि रॉडनी बेजवळच्या सॅमीच्याच नावाच्या मैदानावर २४ जून २०२४ रोजी रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा केल्या, हे आपण सांगितले की उरलेल्या वळणांची चिंता मिटते. याच गप्पांत हळूच, कार्यक्रमाबाहेर एखादे ठिकाण दाखवाल का, असे विचारून पाहावे. गट लहान असल्याचा खरा फायदा तेथे मिळतो. आमच्या चालकाने श्वाझेलजवळ मावशीच्या अंगणात गाडी थांबवली आणि झाडावरची पिवळी फळे पाण्यात कोळून सरबत पाजले. त्याला ‘गोल्डन ॲपल’ म्हणतात, आणि ते आपल्या अंबाड्याचे मोठे भावंड आहे.

बक्षिशी सहसा रकमेच्या दहा ते पंधरा टक्के देतात. ती शेवटच्या हॉटेलवर सर्वांसमोर गोळा करण्यापेक्षा उतरताना आपापली हातात द्यावी. शुक्रवार असेल तर परतताना आन्स ला रे येथे उतरवाल का, असे सकाळीच विचारून ठेवावे, कारण त्या संध्याकाळी तेथील रस्त्यावर मासे भाजण्याच्या शेगड्या लागतात. मात्र तेथून रात्री हॉटेलला नेणारी टॅक्सी आणि तिचे भाडे आधी ठरवून घेतलेले असावे.